उलटा टांगलेला नांगर

प्रश्न : आम्ही पाच पिढ्यांचे म्हैसूरकर. घरात मराठी बोलतो, पण आमटीच्या आधी 'हुळी' आणि 'सारू' तोंडात येतात, आणि घरपट्टीला आम्ही 'कंदाय'च म्हणतो. गेल्या वर्षी डिसेंबर ते फेब्रुवारी मी मुलाकडे शिकागोला होते. पहिला बर्फ पडला त्या रात्री खिडकीपासून हलले नाही. इतकी शांतता जन्मात ऐकली नव्हती. आठवड्याभरात तोच बर्फ करडा झाला, मग काळा. दोनदा घसरता घसरता वाचले. संध्याकाळी साडेचारला अंधार. एका सकाळी तर धनुर्मासातली हुग्गी आठवून रडूच आलं. आता इकडे परत आल्यावर मात्र त्या मेल्या बर्फाची आठवण येते. याला काय म्हणायचं?

दुसरं असं. पहाटे चारला रस्त्यावरून बर्फ काढणारी गाडी घरघरत जायची. मुलगा झोपेतच म्हणायचा, "आई, तो बघ माझा टॅक्स चालला." तो तिकडे एवढा कर भरतो, पण कुरकुर नाही. इकडे आमचे हे एप्रिलमध्ये पाच टक्के सूट असते म्हणून पहिल्याच आठवड्यात कंदाय भरून मोकळे होतात, आणि उरलेलं वर्षभर 'लूट आहे लूट' म्हणत बसतात. निवृत्त बँक अधिकारी आहेत, हिशेब कळत नाही असं नाही. सासऱ्यांचे आजोबा तर म्हैसूर सरकारात शिरस्तेदार होते! मग ही चीड आपल्या रक्तात आली कुठून? आमच्या म्हैसूरच्या इतिहासात तिचं काही मूळ आहे का?

ता. क. – बुटांवर मिठाचे पांढरे डाग पडले आहेत. ते कशानं जातात?

– एक वाचक, सरस्वतीपुरम, म्हैसूर

उत्तर : काकू, तुमची ती पहाटेची गाडी माझ्या डोक्यातून जाईना. तिला तिकडे 'स्नो प्लाउ' म्हणतात, म्हणजे बर्फाचा नांगर. पुढे तिरका लोखंडी फाळ, आणि तो मातीऐवजी बर्फ उलथून कडेला सारत जातो. (फाळ आणि फाळा, म्हणजे कर, हे शब्द इतके शेजारी शेजारी का बसावेत, असं मनात आलं. योगायोग असेल.) तुमच्या प्रश्नाचं एक टोक या नांगराला बांधलेलं आहे. दुसरं टोक तुमच्या घरापासून फार लांब नाही. तिथेही नांगरच आहे, फक्त उलटा.

चिक्कदेवराज वोडेयर १६७३ ते १७०४ म्हैसूरच्या गादीवर होता. म्हणजे शिवाजी महाराजांचा समकालीन. महाराजांचे सावत्रभाऊ एकोजीराजे यांच्याकडून बंगळूर विकत घ्यायचा तीन लाखांचा सौदा यानंच केला होता. सौदा पुरा होण्याआधी १६८७ साली मोगलांनी शहर घेतलं, आणि मग त्यांनीच ते याला तीन लाखांना विकलं. अशा हिशेबी माणसाला पैसा लागायचाच. पण पिकाचा सहावा हिस्सा राजाचा, ही जुनी मर्यादा. ती उघड ओलांडावी तर बदनामी. त्यानं सहावा हिस्सा जिथल्या तिथे ठेवला आणि भोवतीनं किरकोळ पट्ट्या लावत गेला. आजच्या भाषेत सांगायचं तर दर वाढवला नाही, सेस लावला.

रयतेला ते कळलं नाही असं थोडंच आहे! कर्नल मार्क विल्क्सनं म्हैसूरचा इतिहास लिहिला, त्याचा पहिला खंड १८१० साली निघाला. त्यात ही हकीगत येते. गावोगावी वेशीजवळच्या ज्या झाडाखाली लोक गप्पांना आणि देवघेवीला बसत, त्या झाडाला उलटे केलेले नांगर टांगलेले दिसू लागले. ना घोषणा, ना अर्जविनंती. नांगर झाडावर आहे म्हणजे तो शेतात नाही, एवढं अमीलदाराला – आपल्या मामलेदाराला – लांबूनच समजावं. पुढे राजानं या बंडाला फूस देणाऱ्या जंगमांना नंजनगूडला बोलावून कापून काढलं असंही विल्क्स सांगतो. त्यातला इतिहास किती आणि कहाणी किती, यावर वाद आहे. रोज तिजोरीत होनांच्या दोन थैल्या पडल्याशिवाय हा राजा उपास सोडत नसे, हीही विल्क्सनंच दिलेली गोष्ट. लोकांनी त्याला 'नवकोटी नारायण' म्हटलं. या पदवीत कौतुक किती आणि टोमणा किती, हे तुम्ही कानडी कानानं ऐकून मला कळवा.

त्या किरकोळ पट्ट्यांचं पुढे काय झालं ते ऐकून काकांना बरं वाटेल. बंगळूरच्या कब्बन पार्कला ज्याचं नाव आहे तो मार्क कबन १८३४ ते १८६१ म्हैसूरचा कमिशनर होता. त्याच्या अमदानीत रद्द झालेल्या किरकोळ करांचा आकडा गॅझेटिअरात ७६९ असा दिला आहे. सातशे एकोणसत्तर! लग्नाला कर. मूल जन्मलं की कर, त्याचं नाव ठेवलं की कर, जावळ काढलं की कर. एका गावावर कर होता, कारण त्यांच्या पूर्वजांना कुणा पाळेगाराचा हरवलेला घोडा शोधून देता आला नव्हता. घोडा मेला, पाळेगार मेला, कर जिवंत. आणि नगर भागात एका ठिकाणावरून जाताना हात अंगाशी घट्ट धरले नाहीत तरी पैसे मोजावे लागत. आपण नाकं मुरडायला नकोत. आपल्याकडेही लग्नटका होता, म्हैसपट्टी होती, विधवेनं पाट लावला तर पाटदाम होता.

त्याच नगर भागात, म्हणजे आजच्या शिवमोग्ग्याकडे, १८३० साली रयत कूट करून उठली. तेव्हा 'शरत' नावाची रीत होती. तालुक्यातून अमुक इतका वसूल आणून देईन अशी शर्त अमीलदारानं दरबारला लिहून द्यायची. मग तो आकडा पुरा करण्यासाठी तो काय काय करी, हे वेगळं सांगायला नको. बंड इतकं वाढलं की १८३१ साली इंग्रजांनी तेच निमित्त करून राज्यकारभार मुम्मडी कृष्णराजांच्या हातून काढून घेतला. पुढची पन्नास वर्षं कारभार कमिशनरांच्या हाती होता. म्हणजे 'कराची चीड' ही तुमच्या राज्यात नुसती पारावरची कुरकुर नव्हती, तिच्यापायी राजाच्या हातचं राज्य गेलं.

आता जरा अवघड भाग, तुमच्या-माझ्या घरातला.

मराठी शाळेत आपण शिकलो : '१७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या.' आपली छाती फुगली. परीक्षेत दोन गुण मिळाले. त्या सनदांमधल्या मांडलिक मुलखांत म्हैसूरही होतं, हे कुणी अधोरेखित केलं नाही. चौथाई म्हणजे त्या मुलखाच्या वसुलाचा चौथा हिस्सा, वर सरदेशमुखीचा दहावा. त्याच्या बदल्यात काय मिळायचं? मुख्य म्हणजे, घेणारा स्वतः लुटणार नाही याची हमी. पुढच्या काही वर्षांतच बाजीराव कर्नाटकाच्या स्वारीत श्रीरंगपट्टणपर्यंत येऊन गेले.

आणि ही स्वारी यायची कधी? इथे तुमचा हिवाळा येतो. दसऱ्याला सीमोल्लंघन. पाऊस संपलेला, नद्यांना उतार, घोड्यांना चारा. मुलूखगिरीचा मोसम सुरू व्हायचा तो थंडीच्या तोंडाशी आणि चालायचा उन्हाळ्यापर्यंत. श्रीरंगपट्टण कावेरीच्या बेटावर. पावसाळ्यात नदीच त्याचा खंदक. भीती असायची ती नदी उतरली की. म्हैसूरच्या शेतकऱ्याची रागीही नेमकी त्याच दिवसांत, नोव्हेंबर-डिसेंबरात, खळ्यावर येते. सुगी आणि स्वारी यांचा मुहूर्त एकच. तुम्ही बर्फाच्या हिवाळ्याबद्दल लिहिलंत की आवडतो आणि नकोसाही होतो. अडीचशे वर्षांपूर्वी मंड्याच्या आसपासच्या एखाद्या शेतकरणीला कुणी विचारलं असतं, तर थंडीबद्दल तिनंही असंच काहीतरी सांगितलं असतं. दव पडलेल्या पहाटे खळ्यावर राखणीला बसून ती उत्तरेच्या धुळीकडे बघत असेल.

१७५७ सालचं उदाहरण घ्या. नानासाहेब पेशव्यांनी श्रीरंगपट्टणला वेढा घातला. कारभारी नंजराजानं बत्तीस लाखांवर तोड काढली. तिजोरीत होते पाच लाखांच्या आसपास. राहिलेल्या रकमेपोटी तालुके गहाण टाकले, आणि पावसाच्या तोंडावर पेशवे परतले ते त्या तालुक्यांवर आपली माणसं आणि घोडदळ बसवून. मग हैदर अली नावाच्या सरदारानं नंजराजाला सल्ला दिला : पाऊस लागलाय, आता पेशवे लगेच येऊ शकत नाहीत, वसुलीची माणसं हाकलून द्या. दिली हाकलून. दोन वर्षांत पेशव्यांचे सरदार गोपाळराव पटवर्धन दारात. हैदर मोठा झाला त्यात या वसुलीचा हातभार किती, यावर कुणीतरी नीट लिहायला हवं.

पुण्याच्या दप्तरात ही 'बाकी' होती, म्हैसूरच्या दप्तरात 'खंडणी'. आणि गंमत म्हणजे दोन्ही दप्तरांत मराठी लिहिणारे कारकून होते. हैदर-टिपूच्या महसुली कागदांत कानडीबरोबर मराठीला जागा होती, पुढे कबनच्या कचेऱ्यांतही राहिली. तुमच्या सासऱ्यांच्या आजोबांची शिरस्तेदारी याच परंपरेतली असणार. म्हणजे काकू, मागणाऱ्यांची भाषा मराठी, लिहिणाऱ्यांची मराठी, आणि आता सरस्वतीपुरममध्ये बसून भरणाऱ्यांची आणि कुरकुरणाऱ्यांचीही मराठी. काकांच्या चिडीचं मूळ शोधायचं तर नेमकं कोणत्या बाजूनं खणायचं?

म्हणून 'रक्तात' हा शब्द मला पटत नाही. रक्तात काही येत असतं तर तुमचा मुलगा विमानात बसताना ते म्हैसूरला ठेवून गेला नसता. आणि तो ज्या देशात राहतो तिथल्या लोकांच्या रक्तात तर कर भरणं मुळीच नसायला हवं. त्या देशाच्या जन्मकथेतला पहिला मोठा प्रसंगच चहावरच्या कराच्या रागातून बोस्टन बंदरात पेट्या बुडवण्याचा, १७७३ च्या डिसेंबरातल्या एका रात्रीचा. स्वातंत्र्य मिळाल्यावर चार वर्षांत मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी कर आणि कर्जवसुलीविरुद्ध डॅनियल शेजच्या मागे उठले, ते स्वतःच्याच सरकारवर. १७८७ च्या फेब्रुवारीत सरकारी फौज रात्रभर हिमवादळातून चालत पीटरशॅम गावी पोचली. या बर्फात कोण येतंय म्हणून बंडखोर निवांत होते, ते तिथेच उधळले गेले. आपल्याकडे वसुलीच्या आड पाऊस यायचा, तिकडे बर्फसुद्धा आला नाही. आजही इलिनॉयची घरपट्टी अमेरिकेतल्या सगळ्यात जड घरपट्ट्यांमध्ये गणली जाते आणि लोक तिच्या नावानं खडे फोडतात. तुमचा मुलगा गप्प बसत असेल तर तो त्याचा स्वभाव, किंवा आईसमोरचा समंजसपणा.

पण तो पहाटे जे म्हणायचा त्यात काहीतरी आहे. त्याच्या शहराला ते एकदा फार महाग पडलंय. १९७९ च्या जानेवारीत, १३ आणि १४ तारखेला, शिकागोवर सुमारे वीस इंच बर्फ कोसळला. खाली आधीचाही होता. महापौर होते मायकेल बिलँडिक. नांगर गल्लीबोळांत पोचेनात. अमुक वाहनतळ मोकळे केले आहेत, तिथे गाड्या लावा, असं महापौरांनी जाहीर केलं. लोक गेले तर तिथे बर्फच. उन्नत रेल्वेच्या गाड्या वेळ वाचवायला काही स्टेशनांवर थांबेनाशा झाल्या, ती नेमकी कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली. फलाटावर कुडकुडणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत गाडी निघून जायची. सहा आठवड्यांनी, २७ फेब्रुवारीला, पक्षांतर्गत निवडणूक होती. जेन बर्न नावाच्या बाईनं भर बर्फात उभं राहून प्रचाराची जाहिरात चित्रित केली, बलाढ्य पक्षयंत्रणेच्या उमेदवाराला हरवलं, आणि ती शिकागोची पहिली महिला महापौर झाली. आता तिथली महापालिका नांगर या क्षणी कुठे आहे ते नकाशावर दाखवते. तुमच्या मुलाच्या फोनवर बघा. म्हैसूरच्या शेतकऱ्यानं नांगर झाडाला टांगून जे सांगितलं, ते शिकागोकरांनी नांगर आला नाही म्हणून मतपेटीत टाकलं.

बर्फाची ही एक सोय आहे. कर भरलेला पैसा कुठे गेला याचं उत्तर सहसा अंदाजपत्रकाच्या जाड पुस्तकात पुरलेलं असतं. बर्फ पडला की ते सकाळी सातच्या आत दारासमोर दिसतं, किंवा दिसत नाही. आपल्याकडे अशी परीक्षा घ्यायला पाऊस आहे, पण खड्डा कुणाचा यावर तीन खाती वाद घालू शकतात. बर्फाला खातं एकच.

काका म्हणतील, 'आमच्याकडे कुणी कधी हिशेब दिला?' दिला होता की. ७ ऑक्टोबर १८८१. राज्य वोडेयरांकडे नुकतंच परत आलेलं. दिवाण रंगाचार्लूंनी तालुक्यातालुक्यातले जमीनदार आणि व्यापारी, एकूण १४४ जण, म्हैसूरला बोलावले आणि राज्याचा जमाखर्च त्यांच्यापुढे मांडला. हिंदी संस्थानांत असं पहिल्यांदाच होत होतं. तीच प्रजाप्रतिनिधी सभा. पुढे तिच्यात सभासद उठून आपापल्या तालुक्याची गाऱ्हाणी सांगू लागले. निर्णयाचा अधिकार तिला नव्हता, फक्त ऐकायचं आणि बोलायचं. मला यात सगळ्यात आवडतो तो मुहूर्त : सभा दसऱ्यात भरायची. ज्या सणाला एके काळी उत्तरेकडे धूळ उडाली का म्हणून बघायचं, त्याच सणाला मोळकालमुरूचा नाहीतर चामराजनगरचा माणूस बैलगाडी-आगगाडीनं राजधानीत यायचा, हत्ती बघायचा, आणि दिवाणाला तोंडावर विचारायचा. पुढच्या दिवाणांत दोन तंजावरी मराठी घरांतले होते, व्ही. पी. माधवराव आणि टी. आनंदराव. १९११ साली कन्नंबाडीच्या धरणाचं काम सुरू झालं तेव्हा दिवाणपदी आनंदरावच होते, आणि मुख्य अभियंता विश्वेश्वरय्या. चौथाईची ही परतफेड म्हणायची का, असा एक चावट विचार माझ्या मनात येऊन जातो, जाऊ द्या.

आता तुमचा पहिला प्रश्न. ताज्या बर्फाची शांतता हा तुमचा भास नव्हता. नव्या बर्फाच्या कणांमध्ये हवा भरलेली असते आणि ती आवाज पिऊन टाकते. तोच बर्फ दबला, गोठला, की कडक होतो आणि आवाज उलट परतवतो. म्हणजे पहिल्या रात्रीची शांतता खरी, आणि आठवड्यानंतरचा खडखडाटही खरा. कानडीत तर 'मंजु' म्हटलं की धुकं, दव, बर्फ सगळं आलं. एकाच शब्दात चामुंडीवरची पहाट आणि शिकागोचा रस्ता. तुमच्या मनाची जी ओढाताण झाली ती त्या एका शब्दात मावण्यासारखी आहे. आणखी एक. तुम्ही बर्फ पाहिलात खिडकीतून, मुलानं फावड्यानं. तिथे घरासमोरचा पदपथ ज्यानं त्यानं मोकळा करायचा असतो, तसा शहराचा नियमच आहे. त्याला विचारून बघा, बर्फाची आठवण येते का म्हणून.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण पाहिली असणार. जोराचा बर्फ झाला की शिकागोत ज्यानं गाडीपुरती जागा उपसून काढली, तो कामाला जाताना त्या जागेत एक मोडकी खुर्ची ठेवून जातो. खुर्ची, बादली, इस्त्रीचं टेबल, काहीही. रस्ता सरकारचा, सगळ्यांच्या करातून बांधलेला, पण ती खुर्ची हलवून तिथे गाडी लावायची शेजाऱ्याची प्राज्ञा नाही. नांगर मोठ्या रस्त्यावरून आधी जातो, गल्ल्यांची पाळी मागून. तो येईपर्यंतचा कारभार या खुर्च्यांवर चालतो. काकांना हे सांगा. बँकेतल्या माणसाला गहाण आणि ताबा यातला फरक कळतो, त्यांना हसू येईल.

बुटांचं : अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर, अर्धी वाटी पाणी. मऊ फडक्यानं पुसा, मग नुसत्या ओल्या फडक्यानं, आणि सावलीत वाळवा. चामड्याचे असतील तर वरून थोडं पॉलिश. ते मीठ महापालिकेच्या गाड्यांनी घसरू नये म्हणून रस्त्यावर ओतलेलं. १९३० साली ज्या मिठावरच्या करापायी आपली माणसं शिरोड्याला लाठ्या खात होती, ते तिकडे टनांनी फुकट पडलेलं असतं. डाग काढण्याआधी काकांना एकदा दाखवा. मुलाच्या टॅक्समधलं तेवढंच म्हैसूरपर्यंत आलंय.